लज्जास्तंभ : विद्यापीठाच्या आवारातून एक शिल्प रातोरात कसं हललं?



नागरिकशास्त्रात आपण मुलांना अभिव्यक्ती स्वातंत्र्य शिकवतो. 'प्रत्येक नागरिकाला आपले मत मांडण्याचे स्वातंत्र्य आहे' हे वाक्य मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. पण हे स्वातंत्र्य जातं तेव्हा नेमकं काय होतं, हे सांगायला आपल्याकडे चांगलं उदाहरण नसतं. 'पूर्वी इंग्रज वर्तमानपत्रांवर बंदी घालायचे' एवढं सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

म्हणून आज एक अगदी अलीकडचं उदाहरण सविस्तर पाहू. ते आहे हाँगकाँग विद्यापीठातलं. तिथे २४ वर्षं उभं असलेलं एक शिल्प डिसेंबर २०२१ मध्ये एका रात्रीत हलवलं गेलं. ना दंगल झाली, ना शिल्पावर कुणी हातोडा घेऊन धावून गेलं. सगळं कसं शिस्तीत, पडदे लावून पार पडलं. म्हणूनच हे उदाहरण समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

एप्रिल १९८९. चीनमध्ये सुधारणावादी समजले जाणारे नेते हू याओबांग यांचं निधन झालं. त्यांना श्रद्धांजली वाहायला बीजिंगमधले विद्यार्थी तिआनमेन चौकात जमू लागले. श्रद्धांजलीतून मागण्या पुढे आल्या. भ्रष्टाचार थांबवा, वर्तमानपत्रांना मोकळेपणाने लिहू द्या, आमच्याशी बोला. गर्दी वाढत गेली. २० मे रोजी सरकारने लष्करी कायदा लागू केला.

३० मे रोजी बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीच्या विद्यार्थ्यांनी चौकात एक पुतळा उभा केला. धातूचा सांगाडा, त्यावर फोम आणि प्लास्टर. उंची सुमारे १० मीटर. नाव 'लोकशाहीची देवी'. दोन्ही हातांत मशाल धरलेली ही देवी माओंच्या भल्यामोठ्या चित्रासमोर उभी होती. ती जेमतेम पाच दिवस टिकली. ३ जूनच्या रात्री सैन्य शहरात शिरलं, गोळीबार झाला आणि ४ जूनच्या पहाटे हा पुतळा पाडण्यात आला. किती माणसं मारली गेली याचा सर्वमान्य आकडा आजही नाही. शेकड्यांपासून हजारांपर्यंत वेगवेगळे अंदाज आहेत. चीनमध्ये या विषयावर जाहीरपणे बोलताही येत नाही.

हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. १ जुलै १९९७ ला ते चीनकडे परत गेलं, पण 'एक देश, दोन व्यवस्था' या तत्त्वावर. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात भाषणस्वातंत्र्य आहे, कलानिर्मितीचं स्वातंत्र्य आहे आणि शिक्षणसंस्थांच्या स्वायत्ततेची हमीही आहे. त्यामुळे चिनी भूमीवर ४ जूनची आठवण उघडपणे काढता येईल अशा मोजक्या जागा उरल्या, त्यात हाँगकाँग प्रमुख होतं. तिथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये दरवर्षी ४ जूनला हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमायचे.

शिल्प कसं होतं?

या शिल्पाचं नाव 'पिलर ऑफ शेम'. आपण त्याला 'लज्जास्तंभ' म्हणू. शिल्पकार डेन्मार्कचे येन्स गॅल्शिओट. उंची ८ मीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या दुमजली इमारतीएवढी. वजन सुमारे २ टन. एकमेकांत पिळवटलेली, वेदनेने तोंडं उघडलेली ५० माणसं आणि त्यांचाच बनलेला एक खांब. पाहणाऱ्याला त्रास व्हावा असंच ते घडवलेलं आहे.

हाँगकाँग चीनकडे जायला महिनाही उरला नव्हता, तेव्हा म्हणजे ४ जून १९९७ ला ते पहिल्यांदा व्हिक्टोरिया पार्कमध्ये उभं राहिलं. त्याच रात्री विद्यार्थ्यांनी ते हाँगकाँग विद्यापीठात नेलं. बरीच ओढाताण झाली, पण शिल्प आवारात पोचलं. पुढे ते शहरातल्या इतर विद्यापीठांतही फिरवण्यात आलं. १९९८ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाने मतदान घेतलं, शिल्प कायमचं इथे ठेवायचं ठरवलं आणि ते परत आलं.

त्यानंतर दरवर्षी ४ जूनच्या आधी एक साधा कार्यक्रम व्हायचा. विद्यार्थी आणि कार्यकर्ते पाण्याच्या बादल्या, फडकी घेऊन यायचे आणि शिल्प धुवायचे. विद्यापीठातल्याच एका पुलाच्या फरशीवर १९८९ सालीच विद्यार्थ्यांनी मृतांच्या आठवणीत मोठ्या अक्षरांत एक मजकूर रंगवला होता. तो पुसट झाला की दरवर्षी नव्याने रंगवायचे. आपण शाळेत राष्ट्रपुरुषांच्या प्रतिमा पुसून हार घालतो ना, तसंच काहीसं. ज्या मुलांचा जन्मही १९८९ नंतरचा, ती मुलं हे करत होती. इतिहास एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हातात जातो तो असा.

मग बदललं काय?

२०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये मोठी आंदोलनं झाली. ३० जून २०२० ला बीजिंगने तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू केला. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या मेणबत्ती सभेला कोरोनाचं कारण देऊन परवानगी नाकारली होती.

यानंतरचा क्रम नीट पाहा. जुलै २०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने आपल्या विद्यार्थी संघाची मान्यता काढून घेतली. सप्टेंबरमध्ये मेणबत्ती सभा भरवणाऱ्या 'हाँगकाँग अलायन्स' या संघटनेने स्वतःचं विसर्जन जाहीर केलं. तिचे अनेक पदाधिकारी तेव्हा तुरुंगात होते. आणि ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या वतीने वकिलांच्या एका फर्मने याच अलायन्सला पत्र पाठवलं की १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ५ पर्यंत शिल्प हलवा, नाहीतर ते सोडून दिलेली वस्तू समजलं जाईल.

म्हणजे शिल्पाच्या बाजूने बोलू शकणारे एकेक करून आधी बाजूला झाले, मगच शिल्पाचा नंबर लागला. शिल्पकाराचं म्हणणं होतं की शिल्प माझ्या मालकीचं आहे, मी ते परत नेतो, मला वेळ आणि सहकार्य द्या. जगभरातून टीका झाल्यावर त्या वकिलांच्या फर्मने या प्रकरणातून अंग काढून घेतलं. मुदत टळून गेली. शिल्प तसंच उभं राहिलं. लोकांना वाटलं, विषय थंडावला.

२२ डिसेंबर २०२१ च्या रात्री शिल्पाभोवती पिवळे अडथळे आणि पांढरी प्लास्टिकची आवरणं लागली. सुरक्षारक्षकांनी पत्रकारांना अडवलं. आतून ड्रिलचे, तोडकामाचे आवाज येत होते. शिल्पाचे दोन भाग करून ते गुंडाळले गेले, क्रेनने कंटेनरमध्ये ठेवले गेले आणि विद्यापीठाच्याच शहराबाहेरच्या एका केंद्रात नेऊन ठेवले गेले. २३ तारखेला सकाळी तिथे मोकळी जागा होती.

पुढचाच दिवस, २४ डिसेंबर. चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगने शिल्पकार चेन वेइमिंग यांनी केलेली 'लोकशाहीची देवी'ची ६.४ मीटर उंच प्रतिकृती हलवली. लिंगनान विद्यापीठाने त्यांचंच एक भिंतीशिल्प काढलं. जानेवारी २०२२ मध्ये पुलावरचा तो मजकूरही झाकला गेला. नेहमीची देखभाल चालू आहे, असं सांगण्यात आलं.

विद्यापीठाची बाजू काय होती?

आपण शिक्षक आहोत, तेव्हा दुसरी बाजूही मांडायला हवी. विद्यापीठाने तीन मुद्दे मांडले. एक, शिल्प जुनं आणि ठिसूळ झालंय, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दोन, ते आवारात ठेवायला कुणीही कधी अधिकृत परवानगी घेतलेली नव्हती. तीन, बाहेरच्या वकिलांच्या सल्ल्यानुसार ते तसंच ठेवलं तर वसाहतकाळात केलेल्या गुन्हेविषयक कायद्याखाली विद्यापीठ अडचणीत येऊ शकतं.

यातला कुठलाही मुद्दा वेडगळ नाही. शाळेत जुनी कमान धोकादायक झाली तर आपणही ती उतरवतोच. पण मग काही साधे प्रश्न विचारावे लागतात.

शिल्प ठिसूळ होतं, तर ते तयार करणारा माणूस दुरुस्तीला किंवा न्यायला यायला तयार असताना त्याची वाट का पाहिली नाही? २४ वर्षं चाललेली गोष्ट विनापरवानगी होती हे २०२१ मध्येच का आठवलं? काम सुरक्षिततेचं होतं, तर ते दिवसाउजेडी, सर्वांना सांगून का झालं नाही? आणि तीन विद्यापीठांतली तीन शिल्पं एकाच आठवड्यात कशी काय 'अडचणीची' ठरली?

तिसऱ्या मुद्द्यातला वसाहतकाळाचा उल्लेख मराठी माणसाला चटकन कळेल. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. नाटकाची कथा महाभारतातली होती, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. हत्यार होतं १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. राजद्रोहाचे, प्रक्षोभाचे असे कायदे इंग्रजांनी ठिकठिकाणी केले, आणि इंग्रज गेल्यावरही पुढच्या सत्ताधाऱ्यांना ते सोयीचे वाटले. अशा कायद्यांची भाषा मुद्दाम सैल असते. नेमकं काय चालेल आणि काय चालणार नाही हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे घाबरलेला माणूस हद्दीच्या दहा पावलं आधीच थांबतो.

सेन्सॉरशिप कशी काम करते?

आपल्या डोळ्यांसमोर सेन्सॉर म्हणजे कात्री घेतलेला अधिकारी येतो. हाँगकाँगच्या उदाहरणात असा अधिकारी कुठेच दिसत नाही. 'लज्जास्तंभ हटवा' असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. मग काम झालं कसं? पायऱ्या अशा दिसतात :

१) वातावरण तयार होतं. कायदा येतो, काहींना अटक होते. बाकीचे आपोआप सावध होतात.

२) बाजू घेणाऱ्या संस्था जातात. विद्यार्थी संघ, संघटना, मंडळं.

३) भाषा बदलते. 'हा विचार आम्हाला नको' असं कुणी म्हणत नाही. परवानगी, विमा, दुरुस्ती, सुरक्षितता, जागेचा वापर, असे शब्द येतात. अशा शब्दांशी भांडणं फार अवघड असतं.

४) वेळ निवडली जाते. सुट्टी, रात्र, नाताळच्या आधीचा आठवडा. विद्यार्थी आवारात कमी असताना.

५) जबाबदारी विभागली जाते. वकिलांनी फक्त सल्ला दिला, परिषदेने फक्त निर्णय घेतला, ठेकेदाराने फक्त काम केलं, रक्षकाने फक्त पडदा धरला. शेवटी 'हे कुणी केलं?' याला उत्तरच उरत नाही.

या पाचही पायऱ्या आपल्याला ओळखीच्या वाटतील, कारण कुठल्याही कार्यालयाचं कामकाज असंच चालतं. म्हणून तर हे लक्षात यायला वेळ लागतो.

विद्यापीठातच का खटकतं?

एखाद्या दुकानाने आपल्या भिंतीवरचं चित्र पुसलं तर आपण फारसं बोलणार नाही. विद्यापीठाचं तसं नाही. ज्या प्रश्नांना बाहेर जागा नाही त्यांना जागा देणं हे त्याचं कामच आहे. वर्गात शिकवलेला इतिहास आणि आवारात उभा असलेला इतिहास यांची तिथे रोज गाठ पडते. इतिहास विभागात १९८९ चं पुस्तक राहील, पण रोज जेवणाच्या सुट्टीत ज्याच्या शेजारून जायचो ते शिल्प नसेल, तर पुढच्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न पडणारच नाही. आणि प्रश्नच पडला नाही तर तो पुस्तक कशाला उघडेल?

या विद्यापीठाशी आपल्या मुंबईचाही धागा आहे. १९११ मध्ये ते स्थापन झालं त्यामागे होरमसजी नौरोजी मोदी या मुंबईत जन्मलेल्या पारशी व्यापाऱ्याची मोठी देणगी होती. परक्या शहरात पैसा मिळवलेल्या माणसाने तिथल्या मुलांच्या शिक्षणासाठी तो दिला, त्यातून ही वास्तू उभी राहिली.

शिल्प संपलं का?

नाही. गॅल्शिओट यांनी शिल्पाच्या प्रतिकृती करायला सगळ्यांना मोकळीक दिली. त्रिमितीय छपाईसाठीच्या फाइल इंटरनेटवर आल्या आणि लोकांनी घरोघरी छोटे लज्जास्तंभ छापले. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ओस्लो विद्यापीठाच्या आवारात आणि तैवानची राजधानी तैपेईमध्ये प्रतिकृती उभ्या राहिल्या. मूळ शिल्प मात्र मे २०२३ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी एका खटल्यातला पुरावा म्हणून जप्त केलं.

पण यावर फार खूश होऊ नये असं मला वाटतं. ओस्लोत उभं राहिलेलं शिल्प ओस्लोच्या लोकांना दिसतं. हाँगकाँगच्या मुलांना ते धुता येत नाही.

आपल्या वर्गात याचं काय करायचं?

चौथीच्या वर्गात मी ही गोष्ट थोडक्यात सांगितली. राजकारण बाजूला ठेवून, एवढंच सांगितलं की एका शाळेत एक पुतळा होता, तो दुःखाची आठवण सांगायचा, तो एका रात्री काढून टाकला. एका मुलीने लगेच विचारलं, "सर, पण पुतळा कोणाचा होता? बनवला त्याचा, का ठेवला त्यांचा?" दुसरा म्हणाला, "धुत होते त्यांचा." वकिलांना आणि परिषदेला पडलेला प्रश्न नऊ वर्षांच्या मुलांनी दोन मिनिटांत गाठला!

वयानुसार असे प्रश्न घेता येतील :

• तिसरी-चौथी : एखादी वस्तू 'सगळ्यांची' कधी होते? ती हलवायची असेल तर कुणाला विचारायला हवं?

• पाचवी ते सातवी : 'आवडत नाही' आणि 'काढून टाका' यात फरक काय? न आवडलेल्या चित्राला उत्तर कसं द्यायचं?

• आठवी आणि पुढे : आपल्या संविधानाचं कलम १९ वाचा. पहिल्या भागात स्वातंत्र्य आहे, दुसऱ्या भागात वाजवी निर्बंध आहेत. 'वाजवी' हे कुणी ठरवायचं? लज्जास्तंभाबाबत विद्यापीठाने दिलेली तीन कारणं या कसोटीवर तपासा.

मर्यादा असतातच, हेही मुलांना सांगा. वर्गातल्या एखाद्या मुलाची जात, रंग, व्यंग यावरून चिडवणारं चित्र फळ्यावर लागणार नाही. ते थांबवताना आपण कारण उघड सांगतो, चित्र काढणाऱ्याशी बोलतो, तोंडावर बोलतो. मला वाटतं खरी कसोटी इथेच आहे. दुबळ्याला वाचवण्यासाठी थांबवतोय की बलवानाला अडचण होऊ नये म्हणून? कारण सर्वांसमोर सांगता येतंय की पडदा लावावा लागतोय?

आता आपल्या पोटात गोळा आणणारा प्रश्न. समजा, 'माझं गाव' या विषयावर एका मुलाने चित्र काढलं. एका आळीत पाण्याचा टँकर उभा आहे, दुसऱ्या आळीत रिकाम्या हंड्यांची रांग. चित्र सुंदर आहे, खरंही आहे. उद्या शाळेत तपासणी आहे, केंद्रप्रमुख आणि सरपंच दोघेही येणार आहेत. चित्र फलकावर लावाल का?

खरं सांगायचं तर हा निर्णय सोपा नाही. आपल्याला नोकरी आहे, बदलीची भीती आहे, गावात राहायचं आहे. हाँगकाँगच्या प्रशासकांनाही संस्था सांभाळायची होती, त्यांच्यावरचं दडपण तर आपल्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. पण चित्र काढून घेतलंत तर त्या मुलाला कारण सांगाल का? 'जागा नव्हती' म्हणाल की खरं कारण सांगाल? मूल 'जागा नव्हती' यावर विश्वास ठेवत नाही. ते फक्त शिकतं की पुढच्या वेळी डोंगर, नदी आणि उगवता सूर्य काढायचा. दहा वर्षं असे सूर्य काढलेलं मूल पुढे विद्यापीठात गेलं, तर तिथलं एखादं शिल्प हललेलं त्याला खटकेल तरी का?

माझं मत असं की चित्र लावावं. शेजारी इतर मुलांची चित्रंही लावावीत, मुलाला स्वतःच्या तोंडाने ते समजावून सांगू द्यावं, आणि पाहुण्यांना बोलायचं असेल तर ते मुलाशी बोलू देत. बहुतेक वेळा मोठी माणसं मुलासमोर बरी वागतात. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही ऐकायला आवडेल.

पालकांना एक विनंती. मुलाने घरी आणलेलं चित्र तुम्हाला अस्वस्थ करत असेल, तर 'असलं काही काढू नकोस' म्हणण्याआधी 'हे तुला कुठे दिसलं?' असं विचारा. उत्तर पूर्ण ऐका.

या आठवड्यात वर्गात एवढंच करून पाहा. फलकाचा एक कोपरा मुलांच्या ताब्यात द्या. तिथे काय लागेल ते मुलं ठरवतील, आणि काही काढायचं झालं तर कारण लिहून, तारीख टाकून, दिवसाउजेडी काढायचं, असा नियम मुलांसोबतच बनवा. नियम शिक्षकांनाही लागू.